देणाऱ्याचं कारण

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीने जेबसिंग ज्ञानमुथ्थू याला विचारलं, की नात्यातल्या नसलेल्या माणसाला तो आपली किडनी का देतो आहे. जेबसिंगने उत्तर द्यायला वेळ लावला. इतका, की कोपऱ्यात चित्रण करणाऱ्या कर्मचाऱ्याने कॅमेरा चालू आहे ना, हे वाकून पाहिलं.

ज्याला किडनी हवी होती तो दर्शन वाळवेकर शेजारीच चाकाच्या खुर्चीत बसला होता. मूळचा इस्लामपूरचा, चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एका ट्रक कारखान्यात तपासनीस. आजारपणाने गेल्या वर्षी नोकरी सुटली. खुर्चीच्या मागे त्याची बायको ऋजुता उभी होती. तिला बसायला सांगितलं होतं, पण ती बसली नव्हती.

घाई कशाची होती, हे समितीपुढच्या वैद्यकीय कागदांत होतं. डायलिसिससाठी शरीरातून रक्त बाहेर काढायला एक चांगली वाट लागते. दर्शनच्या दोन्ही हातांतल्या वाटा बंद पडल्या होत्या, मानेतल्या शिरा गुठळ्यांनी बुजल्या होत्या, पोटातून करून पाहिलेला प्रयोग जंतुसंसर्गामुळे सोडून द्यावा लागला होता. आता नळी उजव्या जांघेत होती. ती गेली तर पुढे कुठे, या प्रश्नावर अण्णा नगरच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ऋजुताला सांगितलं होतं, की जागा शोधता येईल, पण तिथे नळी घालायला त्यांचा स्वतःचा हात धजणार नाही.

ऋजुताला मधुमेह निघाला होता. दर्शनचा थोरला भाऊ विद्याधर चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्यात कामाला. त्याची तपासणी झाली तेव्हा त्याचीच एक किडनी जन्मापासून लहान असल्याचं कळलं. ऋजुताच्या सासूबाईंचं वय झालेलं. मग जेबसिंग पुढे आला. नात्याबाहेरच्या माणसाने अवयव द्यायला कायदा मनाई करत नाही. तो कारण विचारतो. पैसा नको, दडपण नको. जिव्हाळा चालतो.

जिव्हाळा होता, आणि तो कसा जमला हे डायलिसिस विभागातल्या सगळ्यांना माहीत होतं. तो जमला जेबसिंगच्या वडिलांमुळे.

म्हातारे ज्ञानमुथ्थू तिरुनेलवेलीकडचे. तरुणपणी त्यांना एका तमिळ मिशन संस्थेने नवापूरच्या बाजूच्या भिल्ल गावांमध्ये पाठवलं. गोरे मिशनरी जाऊन बराच काळ लोटला होता. आता तमिळ मंडळ्या, म्हणजे तिथली चर्चं, आपलीच माणसं पाठवत होत्या आणि आपणच त्यांना पोसत होत्या. घरोघरी बायका भात टाकण्याआधी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात काढून ठेवायच्या. तो तांदूळ मिशनचा. डब्याच्या वर भिंतीवर ज्ञानमुथ्थू आणि त्यांच्या बायकोचा फोटो असायचा. जेबसिंग नवापुरात जन्मला, तिथल्या शाळेत शिकला. त्यामुळे त्याच्या मराठीत खानदेश होता आणि तमिळमध्ये, हेप्सिबा म्हणायची त्याप्रमाणे, पाहुणा होता. हेप्सिबा त्याची बायको.

निवृत्त होऊन म्हातारा चेन्नईला आला आणि त्याच्या किडन्या गेल्या. डायलिसिसच्या खोलीत त्याची खुर्ची दर्शनच्या खुर्चीसमोर. पहिल्याच दिवशी दर्शन फोनवर मराठीत कुणावर तरी वैतागला होता. समोरून म्हातारा मराठीत म्हणाला, "शिवी जरा हळू द्या, इथे एक पाद्री बसलाय."

तिथून सुरू झालं. "तुमच्या लोकांना स्वर्गाची वाट दाखवायला गेलो होतो," म्हातारा म्हणायचा, "आणि आता तू मला पाणी कमी प्यायला शिकवतोस."

"काका, मी इस्लामपूरचा," दर्शन म्हणायचा. "आमचा तालुका तुमच्याकडे नव्हता. तक्रार वरच्या ऑफिसात करा."

डायलिसिस चालू असताना पायात गोळे येतात. म्हाताऱ्याला ते फार यायचे. तंत्रज्ञ येईपर्यंत वेळ जायचा. दर्शनची नळी तेव्हा मानेत होती, पाय मोकळे होते. तो आपला पाय लांब करून तळवा म्हाताऱ्याच्या तळव्याला लावायचा आणि रेटून धरायचा. गोळा सुटेपर्यंत दोघं तसेच, तळव्याला तळवा लावून. दर्शनला गोळा आला की म्हातारा रेटायचा. त्याच्या अंगात जोर नव्हता, पण तो रेटायचा.

जेबसिंगने बापाला किडनी द्यायची तयारी दाखवली होती. म्हाताऱ्याने ऐकलं नाही. "पुरायला कशाला घेऊ?" एवढंच म्हणाला. तो गेल्यावर काही दिवसांनी जेबसिंग त्याची चादर विभागाला द्यायला आला, तेव्हा दर्शनला गोळा आला होता आणि समोरची खुर्ची रिकामी होती. दर्शन हवेतच पाय ताणत होता. जेबसिंगने चादर ठेवली आणि त्याचा तळवा धरला. रक्तगट जुळतो हे पुढे कळलं.

हे सगळं सोमवारी समितीला सांगितलं असतं तर बहुधा पुरलं असतं. अडचण एका रविवारी झाली होती.

जेबसिंगच्या मंडळीत गाणी झाल्यावर साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल तो उठतो, देवाने काय केलं ते सांगतो आणि पुढच्या कामासाठी सगळ्यांकडे प्रार्थना मागतो. मुलीचं स्थळ, बायकोचं ऑपरेशन, नोकरीची मुलाखत, सगळं माइकवर येतं. मंडळीला न सांगता मोठा निर्णय घेणं तिथे उर्मटपणाचं मानतात. म्हणून जेबसिंगही उठला. पुढे कॅमेरा असतो आणि उपासना थेट यूट्यूबवर जाते, हे त्याला माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलं नाही. तो तमिळमध्ये म्हणाला, "माझ्या शरीराचा एक भाग त्या घरात राहील. माझ्या वडिलांनी जन्मभर चालून जे पोचवलं नाही, ते कदाचित त्यामुळे पोचेल."

मंडळीने आमेन म्हटलं.

त्याच मंडळीतला एक माणूस आवडीतल्या कारखान्यात विद्याधरच्या हाताखाली होता. त्याने आनंदाने साहेबांना सांगितलं, की तुमच्या भावासाठी आमचं अख्खं चर्च प्रार्थना करतंय, आणि पुरावा म्हणून व्हिडिओही पाठवला. विद्याधर चेन्नईत मुरलेला. त्याला तमिळ चांगलं कळतं. त्याने तो भाग पुन्हा पुन्हा ऐकला आणि घरच्या ग्रुपवर मराठी भाषांतरासह टाकला. इस्लामपूरहून सासूबाईंचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. असलं ओझं अंगात घेऊन माझ्या पोराने जगायचं का, असं त्यांनी ऋजुताला विचारलं आणि उत्तर ऐकण्याआधीच फोन ठेवला.

त्या संध्याकाळी विद्याधर दर्शनच्या अंबत्तूरच्या घरी आला. ऋजुताने त्याच्यापुढे चहा ठेवला, तो त्याने घेतला नाही. या लोकांची हीच पद्धत आहे, आधी दवाखाना, मग शाळा, आता थेट पोटातच, असं तो म्हणाला.

दर्शनने व्हिडिओ पाहिला, फोन परत दिला. "दादा, त्या किडनीने मला एकदा लघवी झाली ना, तर मी हात जोडीन," तो म्हणाला. "कुणालाही. तू सांगशील त्याला."

"तुला चेष्टा सुचते."

"दुसरं काय सुचणार? तिकडे मोरीत बादली भरायचा आवाज आला की मला रडू येतं."

विद्याधर उठला. जाताना जिन्यात तो ऋजुताला म्हणाला, की माझी चांगली असती तर हे काहीच झालं नसतं. मग घरी जाऊन त्याने तो व्हिडिओ समितीकडे पाठवला. रागाने पाठवला, की दुसऱ्याने दिलेलं बघवेना म्हणून, हे त्याला पुढेही नीट सांगता आलं नाही.

समितीच्या कार्यालयातून दोन्ही घरांना फोन आला, की सोमवारी याबद्दल विचारणा होईल. शनिवारी दुपारी ऋजुता जेबसिंगच्या प्रशिक्षण केंद्रात गेली.

हे केंद्रही वडिलांना पाठवणाऱ्या त्याच मिशन संस्थेचं, पण आता तिथे वेगळं काम चालतं. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या पॅकिंग कारखान्याच्या शेडमध्ये मुलं-मुली रुग्णसेवा शिकतात आणि परप्रांतातून आलेल्या कामगारांसाठी दवाखान्यांत दुभाष्याचं काम करतात. नियम जेबसिंगनेच घालून दिला होता. रुग्णासमोर धर्माचं नाव काढायचं नाही, त्याने मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. संस्थेचे जुने वर्गणीदार यावर नाराज होते. मग आपल्यात आणि सरकारी दवाखान्यात फरक काय, असं ते विचारत. म्हाताऱ्याने मात्र शेवटच्या दिवसांत मुलाला सांगितलं होतं, की तू करतोस ते बरोबर असेल. माझ्याकडे माणसं आजार घेऊन आली. मी त्यांना का आलात, हे विचारलं नाही. आणि मी का गेलो, हे मला कुणी विचारलं नाही.

ऋजुता गेली तेव्हा जेबसिंग एका मुलीला खाटेवरच्या रबरी बाहुल्याला कुशीवर वळवायला शिकवत होता. त्याने मुलीला बाहेर पाठवलं.

ऋजुताने वेळ घालवला नाही. "सोमवारी मैत्री म्हणून सांगा. तेवढंच सांगा."

"मैत्री आहेच, ताई."

"आणि चर्चमधलं बोलणं ही तिथली रीत होती, असं सांगा. तिथे तसंच बोलतात. तुम्हीच मला म्हणालात."

"बोलतात."

"मग झालं."

जेबसिंग बाहुल्याच्या अंगावरची चादर नीट करत राहिला. मी तिथे खोटं बोललो नाही, तो म्हणाला. पण ते खरं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. या मुलांना मी रोज शिकवतो, की एका हाताने देताना दुसऱ्या हातात काही लपवू नका. आता माझ्या हातात होतं की नव्हतं, हे मलाच माहीत नसेल, तर नव्हतं असं शपथेवर कसं सांगू?

"मला तुमच्या खऱ्याखोट्याशी काही करायचं नाही," ऋजुता म्हणाली. "मला तो जिवंत हवाय."

जेबसिंगने बाहुल्याची उशी सरळ केली.

"बाप्तिस्मा हवाय का तुम्हाला? मी घेते. दर्शन नको, मी. आज घेते. कुठे जायचं तेवढं सांगा."

जेबसिंग खाटेपासून मागे सरकला. "असं बोलू नका."

"का? त्यासाठीच चाललंय ना हे?"

"माझ्या वडिलांच्या दारात लोक असेच उभे राहायचे," तो म्हणाला. "पोर तापाने फणफणलेलं, आणि बाई म्हणायची, सांगाल ते करते. आणि ते हो म्हणायचे, ताई. दर वेळी हो म्हणायचे."

"मग तुम्ही नाही म्हणा."

"नाही."

"म्हटलंत ना? आता सोमवारी मैत्री म्हणा." ती दारापर्यंत गेली आणि परत वळली. "तुमचं मन स्वच्छ होईपर्यंत तो टिकणार नाही, जेबसिंग."

सोमवारी समितीच्या खोलीत त्याने दोन्ही सांगितलं. आधी बापाचा तळवा आणि दर्शनचा तळवा. ते ऐकताना समितीच्या अध्यक्ष, एक निवृत्त डॉक्टरबाई, मान हलवत होत्या. मग त्यांनी व्हिडिओतलं वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, की त्या घरात पोचेल म्हणजे काय पोचेल?

देव चांगला आहे हे त्यांना कळावं, असं मला वाटतं, जेबसिंग म्हणाला. नाही कळलं तरी किडनी त्यांचीच.

"आणि ते कधीच कळणार नाही, हे तुम्हाला आत्ताच कळलं तर?"

ऋजुताने खुर्चीची मूठ घट्ट धरली. "तरी देईन," तो म्हणाला.

मग तिथे तसं का बोललात, असं दुसऱ्या सदस्याने विचारलं. नुसती देतो म्हणालो असतो तर मंडळीला कळलं नसतं मी काय करतोय, जेबसिंग म्हणाला. मलाही कळत नव्हतं.

हेप्सिबाला विचारलं तेव्हा तिने फार वेळ घेतला नाही. माझ्या नवऱ्याला बापाला देता आली नाही, ती म्हणाली, गोष्ट एवढीच आहे. बाकीचं तो देवाला जोडतो, त्याला लहानपणापासून तीच सवय आहे. जेबसिंगने तिच्याकडे पाहिलं, पण ते खोडून काढलं नाही.

दर्शनला विचारलं, की तुमच्यावर कसलं दडपण आहे का? तो मोडक्या तमिळमध्ये म्हणाला, "आहे. रक्तातल्या युरियाचं." एक सदस्य हसला आणि लगेच कागदांकडे बघू लागला. दर्शनने मग सरळ उत्तर दिलं. हा माणूस माझ्याशी देवाबद्दल एक शब्द बोललेला नाही. त्याचे वडील बोलायचे, मी त्यांना गप्प करायचो, ते हसायचे.

शेवटी ऋजुता. तिला इंग्रजीतून विचारलं, की या माणसाने किंवा त्याच्या संस्थेने तुम्हाला धर्म बदलायला सुचवलं का, सरळ किंवा आडवळणाने.

नाही, असं म्हणून तिला थांबता आलं असतं. पण जेबसिंगने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नुकसान केलेलं तिने नुकतंच पाहिलं होतं, आणि ते आपण भरून काढावं असं तिला वाटलं. ती म्हणाली, की मीच त्यांना म्हणाले होते, मी बाप्तिस्मा घेते. त्यांनीच नको म्हटलं. शनिवारी. यावरूनच बघा, त्यांना काही नको आहे.

सदस्यांनी ते लिहून घेतलं.

म्हणजे, अध्यक्षबाई सावकाश म्हणाल्या, धर्म बदलायची तयारी दाखवली तर किडनी नक्की मिळेल, असं तुम्हाला वाटलं. ते कशावरून वाटलं?

"कशावरूनही नाही. मला काहीही वाटलं असतं."

पण व्हिडिओ पाहिल्यानंतर वाटलं?

ऋजुताला हो म्हणावं लागलं. व्हिडिओ पाहिल्यानंतरच.

निर्णय राखून ठेवला आहे, असं दुपारी सांगण्यात आलं. विद्याधर त्या दिवशी सुट्टी टाकून आला होता आणि बाहेरच्या बाकावर बसला होता. ऋजुता त्याच्यासमोरून खुर्ची ढकलत गेली. तो उठून कार्यालयात गेला आणि आपली तक्रार मागे घेता येईल का, असं त्याने विचारलं. तक्रार मागे घेता येईल, असं उत्तर मिळालं, पण जे पाहिलं आहे ते समितीला न पाहिल्यासारखं करता येणार नाही.

बुधवारी दर्शनला थंडी वाजून ताप भरला. संसर्ग जांघेतल्या नळीतून रक्तात गेला होता. नळी काढली. अतिदक्षता विभागात दुसरा इलाज नाही म्हणून डॉक्टरांनी धोका पत्करून डाव्या जांघेत दुसरी घातली, ती कशीबशी चालली. ताप उतरून रक्त स्वच्छ होईपर्यंत परवानगी आली तरी शस्त्रक्रिया करता येणार नाही, हे डॉक्टरांनी ऋजुताला उभ्या उभ्या सांगितलं. ही नळी किती काळ साथ देईल, असं तिने विचारलं. आज चालली आहे, असं ते म्हणाले.

अतिदक्षता विभागात फक्त नातेवाइकांना सोडतात. जेबसिंग रोज केंद्रातून सुटल्यावर यायचा आणि बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा. ऋजुता त्याच्याशी बोलत नव्हती. त्याला तिचा राग आला नव्हता आणि तिलाही त्याचा नेमका राग नव्हता. बोलण्यासारखं मात्र काही उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिने मोबाइलवर त्याच्या चर्चची उपासना लावली. का लावली, हे तिला सांगता येणार नाही. गाणी झाली, साक्षीची वेळ आली. पाळकांनी पहिल्या ओळीकडे बघून विचारलं, की आपल्या बंधूच्या त्या कामाचं काय झालं? जेबसिंग दिसत होता. त्याच्यापुढे माइक धरला गेला. त्याने नकारार्थी मान हलवली आणि तो बसून राहिला. माइक पुढे गेला.

त्या दिवशी संध्याकाळी विद्याधर दर्शनला भेटून बाहेर आला. शर्टाच्या बाह्या सरसावलेल्या होत्या. तो थेट जेबसिंगसमोर येऊन उभा राहिला.

"त्याला गोळे येतायत," तो म्हणाला. "मी दाबतोय, पण तो म्हणतो, तसं नाही. कसं धरायचं ते मला दाखवा."

जेबसिंगने चप्पल काढली. समोरच्या खुर्चीवर विद्याधर बसला, त्यानेही बूट काढला. बाहेरच्या त्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, जेबसिंगने आपला तळवा त्याच्या तळव्याला लावला आणि टाच कुठे टेकवायची, बोटं कुठे रेटायची, ते दाखवलं. विद्याधर आत गेला.

मंगळवारी सकाळी समितीच्या कार्यालयातून ऋजुताला फोन आला. समितीला तिच्याशी पुन्हा एकदा बोलायचं होतं. तिच्या एकटीशी, नवरा आणि दाता दोघंही नसताना. आपण नेमकं काय सांगायचं, असं तिने विचारलं. ते तुम्हीच ठरवायचं आहे, असं पलीकडची बाई म्हणाली. दिवस नंतर कळवू, असंही म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत दिवस कळलेला नव्हता. दर्शनचा ताप थोडा खाली होता. डावी नळी चालू होती.